लुप्त कर्माची भाषा : मद्यपानाची बोली आणि रोडपालीची वेस

'काल घेतला' आणि 'काल घेतली' या दोन्ही वाक्यांत कर्म दिलेले नाही. तरीही पहिल्या वाक्यात चहा असू शकतो आणि दुसऱ्यात तो असू शकत नाही, हे मराठी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या वाक्यात काय घेतले असेल याविषयीही त्याच्या मनात फारशी शंका राहत नाही. कॉफी स्त्रीलिंगी आहे, लस्सी स्त्रीलिंगी आहे. पण संदर्भावाचून 'काल जरा जास्तच झाली' असे म्हटले, तर ऐकणारा कॉफीकडे किंवा लस्सीकडे वळत नाही. नाम गाळले गेले आहे आणि क्रियापदाच्या शेवटी असलेल्या 'ली'ने ते जपून ठेवले आहे. घेतली, लावली, झाली, चढली, उतरली, लागली, सुटली ही सगळी क्रियापदे अशा एका स्त्रीलिंगी नामाशी जुळवून घेतात, जे उच्चारायचे नसते. दारू, ताडी, माडी, फेणी, रम, व्हिस्की, बिअर अशी येणारी-जाणारी बहुतेक नामे स्त्रीलिंगीच निघाल्यामुळे ही व्यवस्था आजवर कोसळलेली नाही. शासनाने मात्र आपल्या व्यवहारासाठी 'मद्य' हा नपुंसकलिंगी शब्द निवडला. कागदावरचे ते मद्य घरी आले की पुन्हा 'ती' होते.

मद्यपानाच्या अनौपचारिक शब्दसंपदेचा विचार करताना या व्याकरणिक वैशिष्ट्यापासून आरंभ करणे अगत्याचे आहे. कारण या विषयावर जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा नामांच्या याद्या देऊन थांबते. इंग्रजीची गोष्ट वेगळी आहे. तेथे बिअर पिण्याला जी सलगीची नावे आहेत ती बव्हंशी नामेच आहेत, आणि त्यांपैकी कित्येक भांड्यांची किंवा मापांची आहेत. इंग्लंडात 'पाइंट'ला जायचे असते, आयरिश माणसाला एखादा 'जार' हवा असतो, ऑस्ट्रेलियात डब्याची 'टिनी' होते, अमेरिकेत 'एक थंड' एवढे म्हटले की पुरते. लंडनच्या कॉक्नी बोलीने तर 'बिअर'शी यमक जुळते म्हणून डुकराच्या कानाला वेठीस धरले आणि 'पिग्ज इअर' असा शब्द रूढ केला. मराठीतही मापांची नामे आहेत आणि त्यांचा विचार पुढे येईलच. पण मराठीचे खरे बळ क्रियापदात आहे. 'बसायचं का?' या प्रश्नात ना वस्तू आहे, ना भांडे, ना माप. केवळ एक आसन आहे. त्याला 'कुठे?' एवढेच उत्तर आले, तर ठरले असे समजावे.

ही बोली कुठे ऐकावी असा प्रश्न एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने केला, तर त्याला पनवेल तालुक्यातील रोडपालीसारख्या गावाकडे पाठवावे. रोडपाली हे काही मद्यपानासाठी प्रसिद्ध असलेले गाव नव्हे, आणि तसे सुचवण्याचा येथे उद्देशही नाही. त्याचे महत्त्व स्थानाचे आहे. भातशेती, खाडी आणि मिठागरे यांच्या आधाराने राहणाऱ्या आगरी वस्तीचा हा टापू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या आणि कळंबोलीची वसाहत गावठाणाला येऊन भिडली. एका अंगाला लोखंड बाजार आणि त्याच्या मालमोटारी, दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, थोड्या अंतरावर मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचे तोंड. २०१६ पासून हा सगळा परिसर पनवेल महानगरपालिकेत आहे. 'ळ'चा 'ल' करणारी आगरी बोली, घाटावरून आलेल्या कामगारांची मराठी, मालमोटारचालकांची हिंदी आणि नव्या इमारतींतील इंग्रजीमिश्रित मराठी अशा चार भाषारूपांना येथे एकच रस्ता ओलांडावा लागतो. आणखी एक योग असा, की तळोज्याच्या वसाहतीत बिअरचे उत्पादनही होते. एखादी वस्तू जेथे तयार होते तेथे तिचे नाव कसे घेतले जाते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला तरी क्षुल्लक वाटू नये.

प्रथम मापांचे पाहू. जुन्या मराठी तोलमापात शेराचे बहात्तर टांक होत. नऊ टांकांचे ते नवटाक, म्हणजे शेराचा आठवा भाग. त्याच्या दुप्पट पावशेर. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि पुढील काही वर्षांत शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक ही सगळी मापे दुकानांतून आणि अंकगणिताच्या पुस्तकांतून निघून गेली. भाजीवाल्याकडे 'पावशेर' काही काळ रेंगाळला, तोही अडीचशे ग्रॅमचा नवा अर्थ घेऊन. 'नवटाक' मात्र गुत्त्याने सांभाळले. 'नवटाक मारून आला' असे म्हणणाऱ्या किती जणांना त्यातले नऊ टांक ठाऊक असतील, हा प्रश्नच आहे. शब्द राहिला, गणित गेले.

गंमत पुढे आहे. 'पावशेर' जाऊन 'क्वार्टर' आली असे म्हणतात. पण पाव आणि क्वार्टर यांत फरक तो काय? साडेसातशे मिलिलिटरच्या पूर्ण बाटलीचा चौथा हिस्सा म्हणून ही क्वार्टर, जी प्रत्यक्षात १८० मिलिलिटरची असते. महामार्गावरच्या हिंदीत तिलाच 'पव्वा' म्हणतात. म्हणजे पावशेर, पव्वा आणि क्वार्टर हे तीन भाषांतील एकाच अपूर्णांकाचे तीन अवतार आहेत, आणि कळंबोलीच्या नाक्यावर ते तिन्ही एका वेळी ऐकू येऊ शकतात. 'नाइंटी' हा क्वार्टरचा निम्मा भाग. तो ज्या जागी आला ती जागा नवटाकाची होती, कारण नवटाक हाही पावशेराचा निम्माच. पूर्ण बाटलीला 'खंबा' म्हणणे हे मात्र मापाचे नाव नव्हे; ते चित्र आहे. इंग्रजांचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, आपल्याकडची 'पाइंट', कुणाच्या तोंडी 'पिंट', ३३० मिलिलिटरची लहान बाटली. आयात केलेला शब्द येथे आल्यावर असा आटतो, याचे हे शब्दशः उदाहरण होय. परकीय शब्दांनी मराठी मापे हुसकून लावली अशी तक्रार करण्यापूर्वी मराठीने त्या शब्दांना आपल्याच जुन्या अपूर्णांकांच्या खुर्च्यांवर बसवले आहे, हे लक्षात घ्यावयास हवे.

नामे लपवण्याची ही खोड मराठीला केव्हा जडली? ती सर्वस्वी जुनी आहे असे म्हणता येत नाही. 'दारू' हा शब्दच मुळात आडपडद्याचा आहे. फारसीत त्याचा अर्थ औषध असा होता. 'दवादारू' या जोडशब्दात तो अजून जिवंत आहे. बखरींतून 'दारू' भेटते ती बंदुकीची आणि तोफेची; 'दारूगोळा' हा शब्द आजही त्या अर्थाने निर्वेध चालतो. एकाच शब्दाने औषध, स्फोटक आणि मादक पेय असे तीन संसार केले. एखाद्या पोक्त गृहस्थाने रात्रीच्या पेल्याला 'औषध' म्हणावे आणि ऐकणाऱ्यांनी हसावे, यातला विनोद त्याला वाटतो त्याहून बराच जुना आहे.

या प्रदेशाचा आबकारीशी संबंधही जुनाच. एकोणिसाव्या शतकात मुंबईला लागणारी मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर उरणच्या भट्ट्यांतून जाई. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर ताडामाडांवर झाडागणिक कर बसला, आणि भंडारी समाजाच्या परंपरागत व्यवसायाला त्याची मोठी झळ पोहोचली. तरीही माडी आणि ताडी ही नावे उघडपणे घेतली जात. ती झाडाची नावे होती, गुन्ह्याची नव्हेत.

खरा बदल १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने घडवला. मद्य बाळगणे आणि पिणे यांवर तर या कायद्याने बंदी घातलीच. पण भाषेच्या दृष्टीने याहून कुतूहलाची गोष्ट अशी, की मादक द्रव्याची प्रशंसा करणे हासुद्धा त्याने अपराध ठरवला. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला, परंतु प्रशंसेला मनाई करणारा अंश अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात जातो म्हणून रद्द केला. म्हणजे पिणे गुन्हा राहिले आणि पिण्याची स्तुती करणे तेवढे निर्दोष ठरले. शब्दाला मोकळीक आणि कृतीला बंदी अशा या स्थितीत बोलीभाषेने शब्दच आवरून घ्यावा, हे चमत्कारिक वाटेल. पण नाक्यावरच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठाऊक नव्हता, पोलीस ठाऊक होता. हातभट्टी, अड्डा, नवसागर हे शब्द त्या काळात घराघरांत पोहोचले. मुंबईत गोवेकर बायकांच्या चोरट्या गुत्त्यांमुळे 'आंटी' या नात्याच्या शब्दाला एक निराळाच व्यवसाय चिकटला.

त्या काळाचा शासकीय अवशेष म्हणजे 'परमिट रूम'. प्रकृतीच्या कारणास्तव मद्याची आवश्यकता आहे असे सांगून परवाना घ्यावा आणि नेमून दिलेल्या खोलीत बसून प्यावे, अशी ती योजना. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली. परवान्याची तरतूद कायद्यात राहिली, पण व्यवहारात तो विचारणारा विरळाच. पाटी मात्र टिकली. सायन-पनवेल मार्गावरून जाणारा आजचा तरुण 'परमिट रूम व बिअर बार' असे वाचतो तेव्हा त्यातला परवाना कशाचा, हा प्रश्न त्याला पडत नाही. आणि येथे पुन्हा ते औषध आहेच. फारसी शब्दातले औषध कायद्याच्या परवान्यात प्रकृतीचे कारण होऊन अवतरले, हा योगायोग असला तरी मोठा बोलका आहे.

बिअरच्या बाबतीत या औषधाला आणखी एक पालवी फुटली. मुतखड्यावर बिअर चांगली, ही समजूत शहरात आणि खेड्यात सारखीच पसरलेली आहे. वैद्यकाचा तिला आधार नाही. पण भाषेचा भक्कम आधार आहे. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे', 'ते जवाचं पाणी' ही वाक्ये ज्या सहजतेने उच्चारली जातात ती पाहण्याजोगी आहे. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मद्यार्क सात-आठ टक्क्यांपर्यंत असतो. तरी रम-व्हिस्कीला 'हॉट' म्हणायचे, बिअरला त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवायचे आणि 'हॉट घेणार की बिअर?' असे विचारायचे, या भेदात थंडाईचा सगळा निरुपद्रवीपणा बिअरच्या पदरात पडतो. विक्रीची जागाही याला साजेशीच आहे. 'बिअर शॉपी' या नावातला 'शॉपी' हा शब्द इंग्रजीत दुकानासाठी वापरत नाहीत. गोळीबिस्किटांच्या दुकानाला शोभावा असा हा लडिवाळ प्रत्यय आपण लावला. जेथे वाइन अभावानेच विकली जाते त्याला 'वाइन शॉप' म्हणणे आणि कायद्याने 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' असा परस्परविरोधी प्रकार निर्माण करणे ही याच घराण्यातील उदाहरणे. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' या पाटीवर तेवढे वस्तूचे नाव स्वच्छ लिहिलेले असते. गरिबाच्या पेयाला आडपडदा लागत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. त्या दुकानात शिरणारा मात्र 'संत्रा' मागतो.

येथून क्रियापदांच्या उतरंडीकडे येता येते. साहेब 'ड्रिंक घेतात', कारकून 'घेतो', मित्र 'बसतात', पोरे 'मारतात' किंवा 'टाकतात', हमाल 'लावून येतो' आणि ज्याच्याविषयी आदर उरलेला नाही तो 'ढोसतो'. 'रिचवणे' फक्त वृत्तपत्रात आढळते. ते कोणी बोलत नाही. पेल्यात ओतले जाणारे प्रमाण या सर्वांच्या बाबतीत एकच असू शकेल. बदलते ती बोलणाऱ्याने पिणाऱ्याला दिलेली पायरी. 'पिणे' हे मूळचे साधे, निरागस क्रियापद. पण 'तो पितो' असे कर्म गाळून म्हटले की ते आरोपपत्र होते. 'ती घेते' असे म्हटले तर काय होते? 'तो घेतो' यात सामाजिक सवलत आहे. 'ती घेते' यात तीच सवलत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकातील चंपेने प्रेक्षकांना अस्वस्थ केले, त्यामागे तिचे पिणे हेही एक कारण होते. व्याकरणात ज्या नामाला आपण स्त्रीलिंग देऊन लपवले, ते प्रत्यक्ष स्त्रीच्या हाती दिसताच ही भाषा गोंधळून जाते.

'बसणे' या क्रियापदाचा रायगड जिल्ह्यातील प्रवास मात्र अन्यत्र सहसा न आढळणारा आहे. मराठीत बैठक गाण्याची असते, लावणीची असते, राजकीय पक्षाची असते. रायगडात आणखी एक बैठक आहे. १९४३ साली नानासाहेब धर्माधिकारी यांनी सुरू केलेली, दासबोधाच्या निरूपणाची, रेवदंड्याला मूळ असलेली. गावोगावच्या आगरी-कोळी घरांतून तिचा प्रभाव आहे. त्यामुळे या जिल्ह्यात 'तो बैठकीला जातो' याचा एक रूढ अर्थ 'त्याने पिणे सोडले आहे' असा होतो. आणि त्याच गावात, त्याच आठवड्यात, 'आज बसायचं का?' याचा अर्थ नेमका उलटा. एकाच धातूची ही दोन टोके परस्परांना पुरती ओळखून आहेत. बैठकीला जाणाऱ्या माणसाला 'बसायचं का?' असे कोणी विचारीत नाही, आणि चुकून विचारलेच तर तो 'मी बैठकीत आहे' एवढेच म्हणतो. या एका उत्तराने दोन्ही अर्थ जागच्या जागी बसतात. शब्दकोश एखाद्या शब्दाचे चार अर्थ क्रमांक घालून देईल. ते चार अर्थ एकाच अंगणात एकमेकांना टाळत कसे वावरतात, हे त्याच्याकडून कळणार नाही. हे काम बोलीच्या अभ्यासकाचे आहे.

आषाढी अमावास्येच्या 'गटारी'विषयी येथे एक शब्द पुरे. 'गत' आणि 'आहार' या संस्कृत शब्दांपासून 'गताहारी', आणि त्याचा अपभ्रंश 'गटारी', अशी व्युत्पत्ती अलीकडे मोठ्या हौसेने सांगितली जाते. तिला पुरावा दिला जात नाही. शब्दाचा चिखल धुऊन काढण्याची ही लौकिक व्युत्पत्ती आहे, आणि ती तयार करणाऱ्यांच्या मनाचा अभ्यास म्हणूनच तिचा उपयोग. दीपपूजनाच्या तिथीला पिणाऱ्यांनी गटाराचे नाव दिले यात त्यांचा आत्मोपहास आहे. तो संस्कृतात बुडवून नाहीसा करण्याचे काही कारण नाही.

साहित्याने या बोलीला कोशकारांच्या आधी दार उघडले, हे मान्य केले पाहिजे. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी छापली म्हणून गदारोळ झाला. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) प्रस्तावना लिहिताना तेंडुलकरांसारख्या लेखकालाही शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. पण मद्यपानाच्या बोलीला सर्वांत टिकाऊ शब्द दिला तो यांपैकी कोणी नव्हे, तर राम गणेश गडकरी यांनी. 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील तळीराम हा सुधाकराला पहिला प्याला देणारा. शंभरांहून अधिक वर्षांनंतरही ३१ डिसेंबरच्या बंदोबस्ताची बातमी 'तळीरामांवर कारवाई' या शब्दांनीच छापली जाते. नाटकातील पात्राचे विशेषनाम असे सामान्यनाम होणे हे नाटककाराचे मोठेच यश मानावे लागेल.

मात्र या यशात एक खोट आहे. नाटकात तळीराम हा विनाशाचा हस्तक आहे. त्याचे विनोदही अखेर काळे पडतात. वृत्तपत्रातला तळीराम नुसता गमतीचा उरला आहे. नाटक ज्या पात्राच्या दुःखावर उभे आहे, ती सिंधू मात्र सामान्यनाम झाली नाही. दळण दळणारी, मारहाणीने मरणारी आणि मरतानाही नवऱ्याला वाचवू पाहणारी सिंधू मराठी प्रेक्षकाने शंभर वर्षे डोळे पुसत पाहिली, पण तिच्यासारख्या बाईसाठी बोलीत शब्द म्हणून तिचे नाव घेतले नाही. पिणाऱ्याला शब्द मिळाला, सोसणारीला मिळाला नाही. मद्यपानाची शब्दसंपदा म्हणून जे जमवले जाते त्यातील बहुतांश भाग असाच एका बाजूचा आहे. टल्ली, टाइट, टुन्न, तर्र, फुल्ल. चकणा, गुत्ता, खंबा, नाइंटी. हे सगळे शब्द टेबलाभोवती बसलेल्या पुरुषांचे आहेत आणि ते जमवणारेही बहुधा त्याच टेबलाशी बसलेले असतात. अशा याद्या वाचताना हसू येते, आणि ते हसू प्रामाणिकच असते. २०१६ च्या 'सैराट'पासून 'झिंगाट' लग्नाच्या मांडवातही घुमू लागले. झिंगेला इतकी प्रतिष्ठा पूर्वी क्वचितच मिळाली असेल. पण हे संशोधन नव्हे, किंवा अर्धेच संशोधन आहे.

विद्यापीठांतील मराठी विभागांचा दृष्टिकोनही तपासून पाहायला हवा. पनवेल-उरण परिसरात बोलीच्या अभ्यासासाठी जाणारा विद्यार्थी हटकून धवल्यांकडे वळतो. आगरी लग्नातील धवलारिणीने गायिलेली ही गीते मौल्यवान आहेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ज्या हळदीच्या रात्री ती गायिली जातात त्याच रात्री मांडवाबाहेर जे बोलले जाते ते नोंदवहीत येत नाही. ते अशिष्ट म्हणून वगळले जाते. किंवा ज्याला त्याची आवड आहे तो ते गंमत म्हणून टिपतो. दोन्ही वृत्ती सारख्याच अपुऱ्या. पहिलीला भाषा म्हणजे ठेवा वाटतो, दुसरीला करमणूक. हळदीच्या रात्रीचा खर्च कोणत्या शब्दांत सांगितला जातो, कर्ज कोणत्या शब्दांत काढले जाते, सकाळी भांडी घासताना बायका काय म्हणतात, हे दोघीही विचारीत नाहीत.

स्त्रियांची या विषयातली बोली आहे, आणि ती दरिद्री नाही. तिचे वैशिष्ट्य असे, की पिण्यापेक्षा थांबण्याचे शब्द तिच्यात अधिक ठळक आहेत. 'माळ घातली' यात तुळशीची माळ गळ्यात आल्याबरोबर मांसमद्य सुटल्याचे गृहीत आहे. 'बैठकीला लागले' हे वर आलेच. 'त्यांची सुटली' या वाक्यात तर तेच लुप्त स्त्रीलिंगी नाम आहे. पण मित्रांच्या तोंडी जे नाम खुणेच्या डोळ्यासारखे मिचकावते ते येथे दीर्घ निःश्वासासारखे येते. 'पुन्हा सुरू झाली' या वाक्याचा कर्ता उच्चारला जात नाही तो सलगीमुळे नव्हे, तर घरात मुले ऐकत असतात म्हणून. एकच लोप, दोन कारणे. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना एकच नाव मिळेल. समाजभाषाविज्ञानाला ते परवडणारे नाही.

आणि एक वाक्प्रचार असा आहे, की ज्याला सार्वजनिक जीवनात अर्थ दिला तो मुख्यतः स्त्रियांनी. दारूचे दुकान बंद करायचे की नाही यासाठी महाराष्ट्रात मतदानाची तरतूद आहे. या मतदानात चिन्हे दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळावी लागतात, ही अट कठीण आहे. मतदान केंद्रावर न आलेला प्रत्येक जण नकळत उभ्या बाटलीलाच मत देत असतो. तरीही गावोगावच्या बायकांनी या चिन्हावरून 'बाटली आडवी करणे' असा प्रयोग रूढ केला. तो शासकीय मतपत्रिकेतून निघाला आणि बातम्यांत, भाषणांत, मोर्च्याच्या घोषणांत वावरू लागला. १९९३ पासून दारूबंदी असलेला गडचिरोली जिल्हा, २०१५ साली बंदी लागू होऊन २०२१ साली उठलेला चंद्रपूर जिल्हा, आणि रोडपालीच्या शेजारी 'दारूमुक्त खारघर'ची मागणी लावून धरणारे रहिवासी, या सगळ्यांच्या चळवळीने घडवलेली शब्दसंपदा अजून कोणी एकत्र केलेली दिसत नाही. 'खंबा' हे जर चित्र असेल, तर 'आडवी बाटली' हेही चित्रच आहे. फरक इतकाच, की उभ्या राहिलेल्या खांबाला यात कोणीतरी ढकलले आहे.

तेव्हा रोडपालीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने नाक्यावर जरूर थांबावे. 'घेणे', 'बसणे', 'मारणे' यांची नोंद करावी. क्वार्टर आणि पाइंट यांची मापे विचारून घ्यावीत, कारण पुढच्या पिढीला ती नवटाकासारखीच कोडी वाटतील. अशिष्ट म्हणून एकही शब्द गाळू नये. नंतर त्याने, किंवा अधिक बरे म्हणजे त्याच्याबरोबरच्या विद्यार्थिनीने, गावठाणातल्या घरांत जावे. आणि वहीत 'सुटली' या शब्दापुढे अर्थ लिहिताना तो अर्थ नाक्यावर विचारला की चुलीपाशी, हेही त्याच ओळीत लिहून ठेवावे.